करड्या कोटाखालचं नाव

प्रिय वहिनी,

"कपाटाची किल्ली बटणांच्या डब्यात आहे, आईंना शोधत बसायला लावू नका." नऊ वर्षांपूर्वी दाराशी उभी राहून तू एवढंच बोललीस आणि गेलीस. हातात एक बॅग, खांद्याला पर्स. मी बाहेरच्या खोलीत होते. मला वाटलं होतं तू रडशील, नाहीतर दादाला चार शब्द सुनावशील, निदान माझ्याकडे एकदा बघशील तरी. तू किल्लीचं बोललीस. मी मनात म्हटलं, काय बाई आहे ही, घर सोडून निघालीय आणि हिला किल्लीची पडलीय. त्यानंतर तुला मी एकही पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. आज लिहायला बसलेय तर तिसरा कागद फाडून हा चौथा घेतलाय.

'वहिनी' म्हणायचा हक्क आता कागदोपत्री उरलेला नाही हे मला कळतं. पण दुसरं काय म्हणू? तुझ्या नावाने तुला हाक मारायची माझ्या जिभेला सवयच नाही. पत्ता बटणवाल्याने दिला. तोच आपला, पेटी उघडून बसायचा आणि चहावर साय धरेपर्यंत बोलत राहायचा तो. त्याच्याकडून कळलं की तिकडे एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत तू कपडे दुरुस्त करून देतेस, पँट आखूड करणं, चेन बदलणं असलं. "हात तोच आहे बाईंचा," एवढं म्हणाला आणि गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

आई बरी आहे. एक्याऐंशीची झाली. हात फार थरथरतात, कप दोन्ही हातांनी धरते, पण बोलणं तसंच, धार लावून ठेवलेलं. माझ्याकडेच असते. तू गेल्यावर सहा महिन्यांत तिच्या शिवणाच्या दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच, हे तुला कानावर आलं असेल. आतलं सगळं मात्र आम्ही तसंच ठेवलं होतं. आता गाळ्याचा मालक इमारत पाडून नवी बांधतोय, महिनाअखेर जागा रिकामी करून हवी आहे. दादाने फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "भंगारवाल्याला बोलाव, एका दुपारचं काम आहे." आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "त्याला म्हणावं, भंगारात पहिला नंबर तुझा आहे." आणि मग तिने जाहीर केलं की दुकानातली एकेक वस्तू ती स्वतः देणार, माणूस बघून.

मी ग्रंथालयातून पंधरा दिवसांची रजा काढली. रोज सकाळी दहाला तिला दुकानात नेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसवायचं. नियम एकच, मागेल त्याला मागेल ते मिळत नाही. शेजारच्या न्हाव्याला मोठी इस्त्री हवी होती, त्याला तिने तीन पाखांचा आरसा दिला. "तुझ्या दुकानात माणसाला स्वतःचं मागचं डोकं दिसत नाही, म्हणून तू वाट्टेल तशी कात्री चालवतोस. आता दिसू दे." कापडी पिशव्या शिवणारी बाई मोटरची मशीन न्यायला आली होती. तिला पायमशीन मिळाली. "मोटरवर तू भरधाव जाशील आणि बोट शिवून घेशील. पाय हलव जरा, गुडघे मोकळे होतील." दंतवैद्य बाईंनी बिनडोक्याचा पुतळा नेला, पांढरा कोट अडकवायला. आई त्यांना म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात न ओरडणारा एक तरी माणूस होईल." वहिनी, त्या आठवड्यात मी जितकी हसले तितकी कित्येक वर्षांत हसले नव्हते. आणि हसता हसता मला सारखं जाणवत होतं की माझ्या शेजारी कुणीतरी कमी आहे. असल्या वाक्यांवर खाली मान घालून, तोंडात टाचण्या धरून हसणारं.

मग कपाट उघडलं. किल्ली बटणांच्या डब्यातच होती, तू ठेवलेली. आत ते सगळे मापाचे कागद, खाकी कागदावर कापलेली एकेका गिऱ्हाइकाची पाठ, छाती, बाही, कॉलर. प्रत्येकाची गुंडाळी दोऱ्याने बांधलेली, वर नावाची चिठ्ठी. चारशेच्या वर निघाल्या. मी विचारलं, यांचं काय करायचं? आई म्हणाली, "ज्याचं अंग त्याला देऊन टाक. दुसऱ्याची अंगं आपण कुठे सांभाळत बसायचं." मला कल्पना फार आवडली. जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले आणि लोक यायला लागले. मी फक्त एक चूक केली. देण्याआधी गुंडाळ्या उघडून बघितल्या नाहीत. कागदांच्या कडेला पेन्सिलने काय काय लिहून ठेवलेलं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

ते बँकेतले साहेब बायकोला घेऊन आले. त्यांनी तिथेच दोरा सोडला आणि बायकोने मोठ्याने वाचलं, "पोट मान्य करत नाहीत. एक इंच जादा, न सांगता." ती हसून हसून आईच्या पायाशी स्टुलावर बसली. साहेब दोन मिनिटं रस्त्याकडे बघत उभे होते. संगीत शिकवणाऱ्या बाईंच्या कागदावर होतं, "उजवा खांदा उतरलेला, पेटी उचलून उचलून. उजवीकडे भरतीचा एक थर जादा. त्यांना बोलू नये, मनाला लावून घेतील." त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, मग आपला उजवा खांदा हाताने चाचपला, बराच वेळ. म्हणाल्या, "तीस वर्षं मला वाटतंय, मी ताठ चालते." आणि निवृत्त न्यायाधीश आठवतात ना, त्यांच्या कागदावर, "आरशासमोर श्वास रोखतात. माप घेताना पावसापाण्याचं विचारावं, बोलायला लागले की सोडतात." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि खो खो हसले. "म्हणजे बाई, तुम्हाला माझ्या हवामानाच्या ज्ञानात काहीच रस नव्हता तर." आई नुसती हसली. मी बघत होते, तिने होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

अक्षर तुझं होतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. उलटं झुकलेलं, 'र' ला शेपूट असलेलं. पण मी म्हटलं, आई सांगत असेल आणि तू उतरवून घेत असशील. सून आणि कशासाठी असते, असंही कदाचित कुठेतरी मनात असेल. खरं ते लिहायचं ठरवलंय, तर हेही लिहिते.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश परत आले, हातात आपल्या दुकानात शिवलेला तो करडा कोट आणि त्याचा मापाचा कागद घेऊन. त्यांनी कमी घातला आणि जास्त जपला असं दिसलं. इथल्या शिवणशाळेत आता एक दालन करताहेत, जुन्या कारागिरांच्या हातचे कपडे काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी. न्यायाधीशांनी कोट तिथे द्यायचं ठरवलंय. शाळेच्या मुख्याध्यापिका लगोलग आल्या. त्यांनी कोट टेबलावर उलटा करून अस्तराचा एक टाका सोडवला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "असं काम मी पुस्तकातही पाहिलेलं नाही. बाई, तुमच्या हाताला दंडवत." आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला भरून आलंय.

आता कात्रीचं सांगते. पुढच्या गल्लीत एका तरुण मुलीने शिवणाचं दुकान टाकलंय, चुणचुणीत आहे, आईला आवडते. आई म्हणाली, माझी मोठी कात्री तिला दे. दुकानात मोठ्या कात्र्या दोन निघाल्या. एक टेबलाच्या खणात होती, गंजून लाल झालेली. दुसरी कपाटात खालच्या फळीवर, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, तेल लावून लखलखीत. आईची ती कोणती, हा प्रश्नच मला पडला नाही. लखलखीत ती आईची. दुपारी ती डोळे मिटून पडली होती तेवढ्यात मी जाऊन देऊनही आले.

सकाळी आईला आणण्याआधी मी शटर उघडतेय तोच ती मुलगी दारात. कात्री दोन्ही हातांवर धरलेली. "ताई, रागावू नका, पण ही माझ्या हातात चालत नाही. कापड दाताखाली धरल्यासारखं धरते, कापत नाही. ही डावखुऱ्याची आहे. बघा, पाती उलटी बसवलीत." मी म्हटलं, अगं शक्यच नाही, माझी आई उजव्या हाताची. तिने कापडाचा तुकडा माझ्यापुढे धरला. उजव्या हाताने कापायला गेले तर कापड पात्यांच्या मध्ये मुडपलं. मग तिने कात्री माझ्या डाव्या हातात दिली. माझा डावा हात म्हणजे तुला माहितीय, त्याला साधं झाकण उघडता येत नाही. तरी कात्री सरळ गेली, पाण्यातून जावी तशी. आणि मला एकदम जेवणाचं टेबल आठवलं. तू माझ्या उजवीकडे बसायचीस आणि दर घासाला आपले कोपर एकमेकांवर आपटायचे. आई म्हणायची, जागा बदला की गं बायांनो. आपण बदलली नाही कधी.

मुलगी गेल्यावर मी कपाटात उरलेल्या सगळ्या गुंडाळ्या जमिनीवर पसरल्या आणि सालाप्रमाणे लावल्या, आम्ही ग्रंथालयात लावतो तशा. तू लग्न होऊन आल्यानंतरची दोन वर्षं आईचं अक्षर. नंतर अकरा वर्षं फक्त तुझं. एकही चिठ्ठी, एकही कडेची ओळ आईची नाही. आणि नंतर काहीच नाही. न्यायाधीशांनी परत आणून दिलेल्या करड्या कोटाच्या कागदावरची तारीख त्या अकरा वर्षांतल्या अगदी पहिल्या महिन्याची आहे.

मग आईला घेऊन आले. माझ्या हातात कात्री पाहिली तेव्हा ती आधी ओरडली. "ती कुणाला दिली होतीस? विचारायचं नाही?" मग मी जमिनीवर लावलेले कागद तिला दिसले. आणि तिने सांगितलं, एका दमात, पाणीसुद्धा न मागता. न्यायाधीशांचं कापड टेबलावर होतं आणि हात थरथरला. छातीच्या भागात कात्री बोटभर आत गेली. तसलं कापड दुसरं मिळणार नव्हतं. तू शेजारी काजं करत बसली होतीस. तू उठून कापड उलटं केलंस, कागद फिरवून लावलास, खडूने चार रेघा मारल्यास आणि त्यातूनच पूर्ण कोट काढून दाखवलास, ती कापलेली जागा खिशाच्या तोंडात जाईल असा. आई म्हणाली, "मी ते पाहिलं आणि मला कळलं, आता या टेबलापाशी माझं काम नाही." तिनेच तुझ्यासाठी डावखुऱ्याची कात्री मागवून घेतली. दुपारी शटर अर्धं ओढून तू कापायचीस, आई बाहेर टेप गळ्यात घालून लोकांशी बोलायची. कुणाला कळू द्यायचं नाही, हे तिने तुझ्याकडून वदवून घेतलं. "मला भीती वाटली, लोक येणार नाहीत. आणि खरं सांगू, लाजही वाटली." तू तिला म्हणालीस म्हणे, मी नुसतं कापड धरते असं समजा.

मी विचारलं, पण तिला हे सगळं तूच शिकवलंस ना? वहिनी, माझ्या आईने आयुष्यात कुणाचं सरळ कौतुक केलेलं नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "टाके मी शिकवले. कापड बघून त्यात कोट दिसणं, ते तिचं. ते मलाही कधी आलं नाही." हे बोलताना तिची मान ताठ होती. मी तिचा असा चेहरा फक्त एकदा पाहिलाय, मी शाळेत पहिली आले होते तेव्हा.

दुकानाला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा सत्कार तुला आठवत असेल. आई माइकसमोर उभी राहून म्हणाली होती, "आज मला एक गोष्ट सांगायची आहे," आणि मग थांबली, आणि मग भलतंच काहीतरी बोलून खाली उतरली. तिने आता सांगितलं की ती तुझं नाव घेणार होती. तू तिसऱ्या रांगेतून मान हलवलीस, नाही म्हणून. मी तुझ्या शेजारीच बसले होते. मला ती हललेली मान दिसली होती. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, वहिनीला आईचं कौतुक बघवत नाही.

आणि हेही सांगून टाकते. तू गेल्यावर दुकान बंद पडलं तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते की वहिनी गेली आणि आईचा धीर सुटला, तिने माझ्या आईला खचवलं. लग्नकार्यात, हॉस्पिटलच्या बाकावर, जिथे विषय निघेल तिथे. लोक हळहळायचे, मला बरं वाटायचं. दुकान का बंद पडलं ते इतकं साधं होतं. कापणारी निघून गेली होती. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तोंडावर पडले असते. तुझ्या कानावर आलं नसेल असं नाही, बटणवाला सगळीकडे जातो. तू नाही बोललीस. मी माफी मागतेय, पण त्यासाठी हे पत्र नाही. माफी मागायला मी स्वतः येईन, तू दार उघडलंस तर.

आई दर महिन्याला मला दुकान उघडायला लावायची, हवा लागू दे म्हणून, आणि मला पंधरा मिनिटं बाहेर उभं करायची. मी बाहेर वाट बघत वैतागायचे. ती आत तुझ्या कात्रीला तेल लावत होती, थरथरत्या हातांनी. स्वतःची गंजू दिली. ती कात्री या पत्राबरोबरच पाठवतेय. आईने स्वतः गुंडाळलीय म्हणून गाठ अशी विचित्र आहे. तिने देताना नेहमीसारखं माणूस बघून काहीतरी म्हणावं म्हणून मी थांबले होते. म्हणाली, "हिच्यावर काही बोलायचं नाही मला. ही तिचीच आहे."

काल मी शिवणशाळेत जाऊन तो कोट पुन्हा पाहिला. मुख्याध्यापिकांना म्हटलं, मला जरा एकटीला बघू द्या. मी काही शिवणातली नाही, पण एक तास त्याच्यासमोर उभी होते. कापडातली बारीक रेघ कॉलरवरून खांद्यावर येते आणि कुठेही तुटत नाही. खिशाच्या तोंडाशी बोट फिरवलं. ती चूक कुठे असेल ते मला माहीत होतं, तरी सापडली नाही. बाही अशी लोंबते की आत हात आहे असं वाटतं. तेव्हा तू सव्वीस वर्षांची होतीस. मी त्याच घरात होते, तुझ्या शेजारी जेवत होते. इतका अभिमान मला कुणाचा वाटला नव्हता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. तिथल्या शिपायाला सांगितलं शेवटी. म्हटलं, हा माझ्या वहिनीने कापलाय. तो म्हणाला, असं का, छान. मी घरी येईपर्यंत रस्ताभर ताठ चालले.

कोटाखाली एक कार्ड लागणार आहे, ते सोमवारी छपाईला जातंय. त्यावर आत्ता 'कापणी' आणि 'शिवण' या दोन्ही शब्दांपुढे आईचं नाव आहे. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "बदल. माझ्या डोळ्यांदेखत बदल. पण आधी तिला विचार, शब्द मी घेतलाय तिच्याकडून, सोडायचा तर तिनेच सोडायचा. आणि ती नाही म्हणेल." मलाही तसंच वाटतं. तू म्हणशील, आता कशाला, आईंचं वय झालंय, लोक काय म्हणतील, त्या घराशी माझा संबंध काय. यातलं एकही कारण खोडून काढता येईल असं माझ्याकडे काही नाही. तरी विचारते. 'कापणी'पुढे मला तुझं नाव लिहू दे. आणि हल्ली तू कोणतं आडनाव लावतेस ते मला माहीत नाही, तेवढं रविवारच्या आत कळव.

तुझीच,
नणंद